पलंगाचं काम बाकी आहे

पॉलिनी, सोमवार, २ जून १९८६

लेओन्स,

ही चिठ्ठी तुझ्या रंध्याखाली ठेवते आहे, कारण स्वयंपाकघरात ठेवली असती तर तुला ती नाताळापर्यंत सापडली नसती.

गाडी मी नेली. चोरीची तक्रार देऊ नकोस, कागदांवर माझंही नाव आहे. तू बिजागऱ्या आणायला दोलला गेलास आणि मी भांडी घासता घासता मनात वर्षं मोजली. पाववाल्याची ही जुनी गाडी तू घेतलीस तेव्हा मी पन्नाशीची होते. "आर्मांद, आत घर करतो, पुढच्या उन्हाळ्यात समुद्र," असं म्हणाला होतास. आता मी एकसष्टची आहे. एका वर्षी कपाट राहिलं, एका वर्षी छताची खिडकी, एका वर्षी कपाटाचं पॉलिशच तुला पसंत पडलं नाही. काल विचारलं तर म्हणालास, पडद्यांच्या दांड्या तेवढ्या होऊ देत. पडद्यांच्या दांड्यांसाठी मी आता थांबणार नाही.

चालवण्याची काळजी नको. डेअरीची दुधाची गाडी मी सव्वीस वर्षं बर्फातून हाकली आहे. ग्रांविलला समुद्र गाठते आणि तो उजव्या हाताला ठेवून खाली खाली जाते. परत कधी येईन, येईन की नाही, ते मला माहीत नाही. रागाने लिहीत नाही, खरंच माहीत नाही. पत्र पाठवायचं असलं तर माझ्या नावाने ग्रांविलच्या पोस्टात पाठव, ते ठेवून घेतात.

सशाचा रस्सा ओव्हनमध्ये आहे. खाऊन झाल्यावर पातेलं भिजत घाल.

आर्मांद


पॉलिनी, ५ जून

आर्मांद,

ससा खाल्ला. मीठ कमी होतं.

गाडी नेलीस ते नेलीस, पण अपुरी नेलीस. गिऱ्हाइकाने अर्धवट कपाट खांद्यावर टाकून पळ काढावा तसं झालं आहे. आता ऐक. डावा नळ उघडायचा नाही, तो शोभेला आहे. उजवा उघडायचा, पण आधी पायाने पंप मारायचा, बरोबर सात वेळा. चमच्यांचा खण उजव्या वळणावर आपोआप उघडतो, तेव्हा त्याला गुडघा लावून ठेवायचा. चालवताना गुडघा कसा लावू असं विचारू नकोस. त्यासाठी गाडीत दुसरं माणूस लागतं.

आणि पलंगावर झोपू नकोस. पलंगाचं काम बाकी आहे. बाकावर झोप, बाक पक्का आहे.

गावात मी सांगितलंय की मीच तुला चाचणीसाठी पाठवलंय. शेजारची मादाम तिसो म्हणाली, "चाचणीला थेट समुद्रापर्यंत?" मी म्हटलं, खाऱ्या हवेत लाकूड कसं वागतं ते पाहायचंय. तिने मान डोलावली, पण दुसऱ्या दिवशी माझ्यासाठी सूप घेऊन आली. म्हणजे तिला सगळं कळलंय.

कुठे आहेस ते कळव. गाडीची काळजी वाटते.

लेओन्स


ग्रांविल, ११ जून

प्रिय लेओन्स,

गाडीची तब्येत उत्तम आहे. तू विचारलं नाहीस तरी सांगते, माझीही बरी आहे.

समुद्र पाहिला. म्हणजे सकाळी किनाऱ्याशी गाडी लावून दार उघडलं तर तो नव्हताच. लांबवर नुसती ओली वाळू. मनात म्हटलं, घ्या, अकरा वर्षांत उशीर झालाच शेवटी. दुपारी परत आला. रोजच जातो-येतो म्हणे. मी पायऱ्यांवर दोन तास बसून त्याच्याकडे बघत राहिले, मधेच रडले, मग एक संत्रं सोलून खाल्लं.

आता तुझ्या रंगाबद्दल. तीन थर दिले होतेस ना? ऊन पडलं की खालची अक्षरं वर येतात. 'पाव' अगदी स्पष्ट, आणि त्याच्याखाली 'रोज ताजा'. शिवाय पत्रा तापला की आत अजून भट्टीचा वास सुटतो. पहिल्याच सकाळी सातला दार उघडलं तर बाहेर सहा माणसं रांगेत उभी. पुढचे आजोबा म्हणाले, "दोन द्या, जरा खरपूस." मी म्हटलं, माझ्याकडे पाव नाही. ते म्हणाले, "बरं, मग एकच द्या." मागच्या बाई तडकल्या, "संपले असतील तर संपले म्हणा ना, नाहीत काय म्हणता?" शेवटी मी त्यांना गाडी आतून दाखवली. आजोबांनी पलंगाखालीसुद्धा वाकून पाहिलं. मग आजकाल सगळीकडे हाच कारभार आहे असं पुटपुटत सगळे पांगले.

हो, पलंगावरच झोपते. काय बाकी आहे त्याचं? टाचेपासून टाळूपर्यंत मापात बसते मी. अशी झोप मला घरी वर्षानुवर्षं लागली नाही, कोणी घोरतही नाही. चमचे मात्र प्रत्येक उजव्या वळणानंतर खालून गोळा करते.

पुढचं पत्र कोंकार्नोच्या पोस्टात पाठव.

आर्मांद


पॉलिनी, १७ जून

आर्मांद,

तीन नाही, चार थर. चौथा तू दुधाच्या फेरीवर असताना दिला होता. चार थरांखालून अक्षरं दिसणं शक्य नाही. तिकडच्या लोकांना भूक लागली असेल म्हणून दिसतात.

पलंग मापात बसतो म्हणतेस, चांगलं आहे. विषय संपला. मापून बिपून पाहू नकोस, पट्टी लागून पॉलिशवर ओरखडे येतात.

मी अंडी खातो. सकाळी उकडून, संध्याकाळी फोडून. मादाम तिसो विचारते, चाचणी कशी चाललीय? म्हटलं, समाधानकारक. वर्कशॉप फार मोठं दिसतं आता. गाडी उभी असायची तिथे फरशीवर तेलाचा डाग पडलाय. मी त्याला वळसा घालून जातो. साधा डाग आहे, पण पाय पडत नाही त्यावर.

लेओन्स


कोंकार्नो, २९ जून

प्रिय लेओन्स,

इथे लोणीसुद्धा खारट. तू असतास तर पहिल्याच हॉटेलात भांडण काढलं असतंस. मी दोन दिवस तोंड वाकडं केलं, आता त्याशिवाय चालत नाही.

बंदरामागे गाड्या लावायला जागा आहे. संध्याकाळी जेवणाआधी जो तो आपली खुर्ची आणि बाटली घेऊन बाहेर येतो आणि आपल्या गाडीचं कौतुक सांगत बसतो. तुझी आठवण आली, कारण तू त्या सगळ्यांना गप्प केलं असतंस. माझ्या शेजारी ओक्ताव म्हणून गृहस्थ आहेत. नांतकडचे, रेल्वेत गार्ड होते, बायको जाऊन चार वर्षं झाली, तेही एकटेच फिरतात. ओळख झाली तेव्हा फजितीच झाली. मी आपल्या रिवाजाने गालाला गाल लावून दोन पापे दिले आणि मागे सरले, तर हे तिसऱ्यासाठी पुढे आले. त्यांचं नाक माझ्या चष्म्यावर. म्हणाले, "मादाम, आमच्याकडे चार असतात." इथली मासेवाली एकच देते आणि कामाला लागते. आता माणूस दिसलं की मी आधी गावाचं नाव विचारते.

त्यांना सुतारकामातलं कळतं. तुझ्या कपाटावरून हात फिरवून म्हणाले, "एकही स्क्रू नाही, एकही खिळा नाही? असं काम मी फक्त जुन्या पहिल्या वर्गाच्या डब्यांत पाहिलंय." मला अभिमान वाटला, कबूल करते. त्यांनाही आपल्या गाडीत असाच पलंग करून घ्यायचाय. उद्या पट्टी घेऊन येणार आहेत.

आर्मांद


पॉलिनी, ४ जुलै

आर्मांद,

चार का?

दोन म्हणजे नमस्कार, हे मला समजतं. वरचे दोन कशाबद्दल? मी फादरना विचारलं, ते हसले. पोस्टमास्तर नांतला लष्करी नोकरीत होता, तो म्हणाला की तिकडे चारच असतात. पण तो माणूस पत्त्यांतही खोटं बोलतो. चार असतील तर असोत, पण तिसऱ्याच्या आधी त्या गार्डाने विचारायला हवं होतं. गाडी सोडायच्या आधी शिटी देतात ना हे लोक?

दुसरं महत्त्वाचं. त्यांना पलंगाचं माप घेऊ देऊ नकोस. काम अपुरं आहे. अपुऱ्या कामाचं माप परक्याने घेऊ नये. कृपा करून घेऊ देऊ नकोस. सदतीस वर्षांच्या संसारात मी तुला 'कृपा करून' म्हटल्याचं आठवत नाही, म्हणून आज लिहितो.

लेओन्स


कोंकार्नो, १३ जुलै

लेओन्स,

तुझं पत्र उशिरा मिळालं. माप आधीच घेऊन झालं होतं.

ओक्तावनी पट्टी लावली. "रुंदी एक मीटर चाळीस, दोघांची. लांबी एक मीटर चौसष्ट." मग मला विचारलं, "मादाम, आपले यजमान ठेंगणे आहेत का?" मी म्हटलं, एक मीटर शहाऐंशी. त्यांनी पट्टीची घडी घातली. मग अगदी हळू विचारलं, "मग ते झोपतात कुठे?"

मी पलंगावरची चादर सरळ करत बसले. ते बिचारे खुर्ची उचलून निघून गेले.

दुसऱ्या कोणाचं काम असतं तर मी म्हटलं असतं, चुकलं असेल. पण अख्खी पॉलिनी म्हणते की बुव्हरे सुताराचं माप चुकत नाही. लग्नाच्या आधीपासून मी हेच ऐकत आलेय. म्हणजे तू हे समजून उमजून केलंस. पलंग माझ्या मापाचा केलास, तुझ्या नाही. तुला माझ्याबरोबर यायचंच नव्हतं. आणि तेवढं एक वाक्य बोलायचा धीर नव्हता, म्हणून दांड्या, पॉलिश, बिजागऱ्या. दर जूनमध्ये मी पोहण्याचा पोशाख बाहेर काढून ठेवायचे आणि दर सप्टेंबरात परत आत. ते तू बघत होतास.

फार लागलं मला, लेओन्स. उद्या इथून निघते. पुढचं पोस्ट कुठलं ते सांगत नाही.

आर्मांद


पॉलिनी, २४ जुलै

आर्मांद,

तू कुठे आहेस मला माहीत नाही, पण समुद्र उजव्या हाताला आहे एवढं माहीत आहे. म्हणून नकाशा घेतला आणि हेच पत्र पाच वेळा हाताने लिहून किनाऱ्यावरच्या पाच पोस्टांत पाठवतो आहे. पाचही मिळाली तर चार फेकून दे.

माप चुकलं. एवढंच आहे. बुव्हरेचं माप चुकलं.

तुला ठाऊक आहे, प्रत्येक कामासाठी मी एक काठी कापतो, त्या कामाची सगळी मापं तिच्यावर खुणा करून ठेवतो आणि काठी भिंतीवरच्या खिळ्याला टांगतो. सत्त्याहत्तरच्या हिवाळ्यात दोन काठ्या शेजारी शेजारी होत्या. एक आपल्या पलंगाची. दुसरी म्हाताऱ्या मादाम कोर्न्यूच्या शवपेटीची. ती बाई केवढीशी होती ते तुला आठवत असेल. पलंगाची रुंदी गाडीच्या रुंदीनेच ठरली होती; लांबीसाठी मी काठी उचलली, ती दुसरी, आणि पलंग केला. डिंक ओतला, लाकडी खुंट्या ठोकल्या, डोक्याशी पाण्याची टाकी, पायाशी कपाट बसवलं. मग सहज आडवा झालो आणि माझे गुडघे हनुवटीला लागले.

पलंग लांब करायचा तर टाकी, कपाट, सगळं फोडावं लागलं असतं. ते मी करूही शकलो असतो. पण तू विचारलं असतंस, का फोडतोस? आणि काय सांगणार होतो, की तुला शवपेटीच्या मापावर झोपवणार होतो? म्हटलं, आधी दुसरं काहीतरी पूर्ण करू, तोवर काही सुचेल. मग दरवर्षी दुसरं काहीतरी निघत गेलं. मी काढत गेलो.

पोहण्याचा पोशाख मी पाहत होतो. निळा, पांढऱ्या पट्ट्यांचा. दर सप्टेंबरात तो आत गेला की मला स्वतःची लाज वाटायची, आणि लाज वाटली की मी वर्कशॉपमध्ये जाऊन पॉलिश करायचो. म्हणून ते कपाट एवढं चकाकतं.

मला यायचं होतं. अजूनही यायचंय. मीही समुद्र पाहिलेला नाही. आज सकाळी मादाम तिसोला चाचणीबिचणी काही नाही, माप चुकलं होतं, असं कुंपणावरूनच सांगून टाकलं. दुपारपर्यंत साऱ्या गावाला कळलं. पोस्टमास्तर मुद्दाम सायकलवरून बघायला आला. मी जिवंत आहे.

लेओन्स


ला पिरोन्येर, ९ ऑगस्ट

प्रिय लेओन्स,

तुझ्या पाचांतलं तिसरं पत्र जवळच्या सें-जिलच्या पोस्टात मिळालं. गाडीत बसून वाचलं. शवपेटीपर्यंत आले आणि हसायला लागले ते थांबेचना. समोरच्या अंगणातल्या बाईने विचारलं, "काय झालं, कोणी गेलं का?" मी म्हटलं, हो, मादाम कोर्न्यू, नऊ वर्षांपूर्वी. मग पोशाखाचं वाचलं आणि हसू थांबलं. वेडा आहेस तू. दोन महिने मी त्या मापावर ढाराढूर झोपलेय, आणि तुला वाटलं मला ते सहन झालं नसतं.

मी इथे का आहे ते सांगते. हे समुद्राकाठचं लहानसं खेडं आहे, आजूबाजूला दहा वाड्या. अठरा जुलैला मी इथून जात होते, आणि रस्त्यात एक कुत्रा आडवा पसरला होता. मी तीनदा हॉर्न दिला. कुत्रा हलला नाही, पण चारी बाजूंची दारं उघडली आणि बायका पिशव्या घेऊन धावत आल्या. तीन हॉर्न म्हणजे पाववाला. त्यात गाडीवर 'रोज ताजा'. ग्रांविलसारखंच समजवायला गेले, तर एक आजी रस्त्याच्या कडेच्या दगडावर मटकन बसल्या. त्यांचा पाववाला शिडीवरून पडलाय. तो पाय स्टुलावर ठेवून पाव भाजतो, पण गाडी चालवू शकत नाही. बारा दिवस या बायका बिस्किटं खात होत्या. मी म्हटलं, कुठे आहे तुमचा पाववाला? त्या दिवसापासून रोज सकाळी अकरा थांबे घेते. इथेही चारच असतात, सांगून ठेवते. पावाला वीस मिनिटं आणि गालांना चाळीस.

आता खरं ते. मेयर परवा आले होते. पाववाल्याचा पाय सुधारला तरी त्याला आता फेरी झेपणार नाही. मी कायमची करीन का, असं विचारतायत. जुन्या शाळेवरच्या दोन खोल्या राहायला देतील. ऑगस्ट संपेपर्यंत उत्तर हवंय. मी अजून हो म्हटलेलं नाही, नाहीही म्हटलेलं नाही. लेओन्स, सकाळी अकरा ठिकाणी माणसं माझी वाट बघत उभी असतात. दुधाची गाडी सुटल्यापासून पॉलिनीत माझी वाट कोणी बघितली नाही. तू बघायचास ती जेवणाची. लिहिताना वाईट वाटतंय, पण तसं आहे.

तू ये. करवत घेऊन ये. ओक्तावही याच किनाऱ्याने खाली चाललेत, परवा इथून जाताना सांगून गेले की टाकीला हात लावायची गरज नाही, पायाकडच्या कपाटाला भोक पाडलं की पाय आत जातील. त्या कपाटात आता पाव असतात, तेव्हा सकाळी माल भरायच्या आत तुला पाय काढून घ्यावे लागतील.

मी तुला ये म्हणते आहे. तुझ्याबरोबर परत येते असं म्हणत नाही. ते तेव्हा ठरवीन.

आर्मांद


ला पिरोन्येर, २९ ऑगस्ट

प्रिय आर्मांद,

रविवारी तू स्टेशनवर म्हणालीस, "आठ दिवस एकटी पॉलिनीच्या घरात राहून बघते, मग ठरवते. तोवर फेरी तू कर." आणि डब्यात चढलीस. मला वाटलं होतं, मी आलो म्हणजे झालं. तसं नसतं, हे मला त्या फलाटावर कळलं.

फेरीचा अहवाल असा. पहिल्या दिवशी दीड तास उशीर झाला. पाव लांबीप्रमाणे लावून घेतले होते, पण इथे कोणी लांब-आखूड मागत नाही, सगळ्यांना "आतला, जरा खरपूस" हवा असतो. दुसऱ्या दिवशी नुसते टाकून नेले. गिऱ्हाइकांनी मला चार-चार पापे दिले, न विचारता. तिसऱ्या थांब्यावरच्या आजी पहिल्या दिवशी म्हणाल्या, "मादाम कुठे आहेत?" दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "मादाम अजून आल्या नाहीत?" आज पाव घेतला आणि माझ्या दंडावर थोपटून गेल्या. त्यांचा दरवाजा घासत होता, त्याला मी रंधा मारून दिला. माप न घेता, नुसत्या डोळ्याने. बंद होतो.

समुद्रात गेलो होतो, गुडघ्यापर्यंत. थंड आहे. तू इतके दिवस त्याचं एवढं काय लिहीत होतीस ते मला पाण्यात उभं राहिल्यावर समजलं, आणि सांगायला वळलो तर शेजारी कोणी नव्हतं. तू अडीच महिने असं वळून बघत होतीस का? असशील तर मला माफ कर. मी त्या वेळी नळाबद्दल लिहीत होतो.

आज मेयर आले. म्हणाले, एकतीस तारीख जवळ आली, बाईंचं काय ठरलं? मी म्हटलं, बाईंना विचारा. ते म्हणाले, "आणि तुम्हाला काय हवंय, मोसिए?" हे मला अनेक वर्षांत कोणी विचारलं नव्हतं. मी आधी अवजारांबद्दल काहीतरी बोलायला लागलो, वर्कशॉप इथे हलवता येईल, नाही येणार, वगैरे. मग थांबलो. म्हटलं, मला तिच्याबरोबर राहायचंय, ती म्हणेल त्या गावात.

पॉलिनी म्हणालीस तर उद्या करवत उचलतो. इथे राहू म्हणालीस तर भिंतीवरच्या काठ्या मादाम तिसोच्या घेवड्याला आधाराला देऊन ये. तुझं एकटीचंच काही ठरलं असेल, तर तेही ऐकेन. वाद घालणार नाही, घातला तर थोडाच.

फक्त ते पत्रात लिहू नकोस. आपण तीन महिन्यांत एकमेकांना पुष्कळ लिहिलं. आगगाडीत बस आणि माझ्यासमोर येऊन सांग.

लेओन्स